ऑप्टिकल रीडिंगचं पेटंट आणि ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ हा आक्षेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले वर्कशॉपवाले, संकेश्वर-निपाणीकडचे ऊस वाहतूकदार, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं. माझ्याकडे पेटंटचं विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात हल्ली काहीतरी ‘वाचणारं’ यंत्र असतं. कुणाचं जॉबवरचा, म्हणजे घडवलेल्या लोखंडी तुकड्यावरचा, नंबर वाचतं, कुणाचं ट्रॉलीवरचा क्यूआर. यंत्रं वेगवेगळी असली तरी अडचण एकच: पेटंट ऑफिस तीन-चार जुने कागद, म्हणजे आधीची पेटंट्स नाहीतर छापील लेख, समोर टाकतं आणि म्हणतं, यात नवीन काय, हे तर सहज सुचण्यासारखं आहे. त्याभोवतीचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

ऑप्टिकल रीडिंगमध्ये नेमकं काय काय येतं?

प्रकाश टाकायचा, परत आलेला प्रकाश सेन्सरवर घ्यायचा आणि त्यातून अक्षर, आकडा किंवा खूण ओळखायची. बारकोड, क्यूआर, परीक्षेची ओएमआर उत्तरपत्रिका, छापील मजकूर वाचणारं ओसीआर, सीडीवरचे खळगे वाचणारा लेसर, लोखंडावर उठलेला नंबर वाचणारा कॅमेरा. घराणं एकच आहे. म्हणूनच एका शाखेतला जुना कागद दुसऱ्या शाखेतल्या अर्जाला आडवा येतो.

मी सगळीकडे शोधलं, अगदी असं यंत्र कुठेच नाही. मग पेटंट मिळायला काय हरकत आहे?

चाळण्या दोन आहेत. पहिली नवेपणाची: तुमच्या क्लेममधलं, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क सांगता त्या वर्णनातलं, सगळंच्या सगळं एकाच जुन्या कागदात सापडतं का? सापडलं नाही, तर ती चाळणी पार. दुसरी बारीक आहे: जुन्यापासून तुमच्यापर्यंत यायला जेवढी पायरी चढावी लागली, ती त्या विषयातल्या साध्या जाणकाराला सहज चढता आली असती का? ‘कुठेच नाही’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. बहुतेक अर्ज अडकतात ते दुसऱ्यावर.

कायदा काय म्हणतो?

पेटंट कायदा १९७०, कलम २(१)(जेए). मराठीत सांगायचं तर, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्याशिवाय ती गोष्ट जाणकाराला उघड वाटणारी नसावी. मधला ‘आणि’ लोक विसरतात. ‘माझ्या यंत्राने कारखान्याचे एवढे पैसे वाचतात’ हे आर्थिक महत्त्व झालं, त्याने उघडपणाचा आक्षेप आपोआप मिटत नाही.

आणखी एक कलम ध्यानात ठेवा, ३(एफ): माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध धरतच नाहीत. वजनकाटा, कॅमेरा आणि प्रिंटर एका पेटीत घालून पेटंट मागणारे दरवर्षी भेटतात. पेटी छान असते.

‘जाणकार’ म्हणजे कोण? आमच्या मिस्त्रीला धरायचं की आयआयटीच्या प्रोफेसरला?

दोघांनाही नाही. हा कायद्याने रचलेला माणूस आहे. त्याने आपल्या विषयातलं जगभरचं छापील वाचलेलं आहे, मग ते जपानीत असो की कन्नडमध्ये. हाताला कामाची सवय आहे, नेहमीचे प्रयोग करून पाहतो. पण डोक्यात ठिणगी पडत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली रोश विरुद्ध सिप्ला या कर्करोगाच्या औषधावरच्या खटल्यात त्याचं वर्णन साधारण असंच केलं: कौशल्य नेहमीचं, कल्पनाशक्ती नाही.

आपल्या विषयात हा एक माणूस नसून बहुधा तिघांची टोळी धरावी लागते: भिंग-प्रकाशाचं जाणणारा, इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि प्रोग्राम लिहिणारा. तुमचा मिस्त्री हुशार असेल तर त्याला इथे साक्षीला आणू नका. त्याला सुचलं म्हणजे सगळ्यांनाच सुचलं असतं, असं होत नाही.

न्यायालयं या कसोटीकडे कशी बघतात, एखादा आपल्या ओळखीच्या कामातला खटला आहे का?

आहे, आणि लेथवर काम केलेल्या माणसाला तो लगेच कळतो. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर घासून चकचकीत करायचे. भांडं हेडस्टॉककडून, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाकडून, धरलेलं असायचं आणि फिरता फिरता सुटून उडायचं, कामगाराला लागायचं. एका कारखान्याने भांडं दुसऱ्या बाजूने, टेलस्टॉककडून, दाबून धरायची रचना केली आणि त्यावर १९५१ च्या अर्जाचं पेटंट मिळवलं. काम सुरक्षित झालं, वेग वाढला, फिनिश सुधारलं. तरीही सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. टेलस्टॉकने जॉबला टेकू देणं लेथइतकंच जुनं आहे; ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नाही.

न्यायालयाने वापरलेली कसोटी फार उपयोगी आहे. ती माझ्या शब्दांत अशी: अर्जाच्या तारखेआधीचा जुना कागद एका चांगल्या कारागिराच्या हातात द्या. त्याच्यापुढे तुमचीच अडचण ठेवा, पण तुमचं उत्तर सांगू नका. कागद वाचून तो ‘अरे, मला हवं होतं ते हेच’ असं म्हणाला असता का? म्हणाला असता, तर शोध उघड.

काही जणांना हा निकाल कडक वाटतो. मला वाटत नाही. त्या एका दाबपट्टीवर मक्तेदारी दिली असती, तर मिर्झापुरातल्या बाकीच्या प्रत्येक लेथवाल्याने आपल्याच कामगाराचा हात वाचवण्यासाठी पैसे मोजले असते.

आमच्या यंत्राला ही कसोटी कशी लावायची? एखादं उदाहरण घेऊन सांगा.

रोश-सिप्ला निकालात पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. रचलेलं उदाहरण घेऊ. समजा, एक फोर्जिंगवाला, म्हणजे तापवलेलं लोखंड दाबून जॉब घडवणारा, आहे. डायमधून (साच्यातून) निघालेल्या तांबड्यालाल जॉबवर उठावाचा नंबर असतो आणि तो जॉब गार व्हायच्या आत वाचायचा आहे, म्हणजे कुठला जॉब कुठल्या बॅचचा हे पुढे मिसळत नाही. साधा कॅमेरा लावला तर नुसता लाल गोळा दिसतो. हा माणूस निळा एलईडी लावतो आणि भिंगापुढे फक्त निळा प्रकाश आत सोडणारा फिल्टर बसवतो. नंबर स्वच्छ दिसतो. कारण हजारेक अंशांवरचं लोखंड आपला बहुतेक प्रकाश लाल आणि इन्फ्रारेडमध्ये फेकतं, निळा जवळजवळ नाहीच. तेव्हा कॅमेऱ्यात येणारा निळा हा आपल्याच दिव्याचा.

आता पायऱ्या. जाणकार कोण, ते ठरलं: कॅमेऱ्याने वाचन करणारी औद्योगिक टोळी. शोधाचा गाभा काय? गरम जॉबची चकाकी बाजूला काढून उठावाचं अक्षर वाचणं. जाणकाराला तारखेआधी सामान्यतः काय माहीत होतं? तिरका, जमिनीलगतचा प्रकाश टाकला की उठावाच्या अक्षराची सावली पडते, हे त्या धंद्यातलं बाळकडू आहे. आणि तापलेल्या पोलादाकडे निळ्या प्रकाशात, निळ्या फिल्टरमधून बघणं हेही पोलाद कारखान्यांत जुनं आहे. फरक काय उरला? दोन्ही एकत्र केलं, एवढाच. शेवटची पायरी: आपल्याला उत्तर माहीत नाही असं समजून बघितलं, तर हा फरक उघड आहे का?

माझं मत: आहे. दुसरा, निळ्या प्रकाशाचा कागद नेमकी चकाकीचीच अडचण सोडवतो. चकाकीने हैराण झालेला जाणकार तोच कागद उचलणार, आणि जोडल्यावर काय होईल हेही त्याला आधीच ठाऊक आहे.

पण दोन कागद जोडून शोध उघड ठरवणं हा अन्याय नाही का? मग तीन, चार, कितीही जोडतील!

जोडता येतात. आकड्याला बंदी नाही. बघायचं ते हे, की जोडायला कारण होतं का. इंग्रजीतल्या चर्चेत ‘करता आलं असतं’ आणि ‘केलं असतं’ यांत फरक करतात आणि तो मराठीत आणखी सरळ कळतो. घरात तांदूळ, गूळ आणि कापूर तिन्ही असतात. तिन्ही एकत्र करता येतात, पण कुणी करणार नाही. जाणकाराकडे जुने कागद होते, एवढं पुरत नाही. ते एकमेकांकडे नेणारी वाट होती का? तीच अडचण, तोच धंदा, कागदातच केलेली सूचना, किंवा जोडल्यावर काय होईल याची खात्री, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. कागद जितके जास्त आणि दूरदूरचे, तितका आक्षेप माझ्या नजरेत लंगडा होत जातो.

फोर्जिंगवाल्याने काय वेगळं केलं असतं तर टिकलं असतं?

उदाहरण पुढे नेतो. समजा, त्याच्या ध्यानात आलं की उठावाचं अक्षर, पातळ असल्यामुळे, खालच्या जाड पाठीपेक्षा लवकर गार होतं. डायमधून निघाल्यावर काही सेकंदांनी तांबड्या पाठीवर अक्षरं काळपट दिसू लागतात. मग तो दिवाच काढून टाकतो. जॉबची चकाकी हाच त्याचा दिवा. तापमान ठराविक पट्ट्यात आलं की कॅमेरा टिपतो.

आता जुने कागद बघा. सगळे चकाकीला शत्रू मानतात: फिल्टर लावा, जास्त ताकदीचा दिवा लावा, थांबा. त्यातला एकही जाणकाराला ‘दिवा बंद कर’ म्हणत नाही. उलट, त्या वाटेने जाऊ नको असंच सगळे सुचवतात. जुनं ज्ञान एका दिशेला बोट दाखवत असताना माणूस उलट गेला आणि पोहोचला, तर उघडपणाचा आक्षेप कमकुवत होतो. अर्जात ही गोष्ट लिहिली पाहिजे, नुसतं यंत्राचं चित्र काढून भागत नाही. आणि क्लेममध्ये तो तापमानाचा पट्टा आला पाहिजे. क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. ‘गरम वस्तूवरील अक्षर वाचणारा कॅमेरा’ असा मोठा बांध घातला की त्यात निळ्या दिव्याचा जुना कागदही आत येतो आणि सगळंच वावर जातं.

माझं यंत्र साखर कारखान्यातलं आहे आणि पेटंट ऑफिसने रेल्वेचा कागद पुढे केला. वेगळा धंदा आहे ना?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात खरोखरची गोष्ट आहे. गाळप हंगामात काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीवर क्यूआरची पाटी, कॅमेरा वाचतो, पावती आपोआप. आणि पहिल्या आठवड्यातच पाटीवर चिखल, पाचट, धूळ. वाचन बंद. मग कुणीतरी खटपट करून तोडगा काढतो.

अमेरिकेतल्या रेल्वेने हीच फजिती साठ-सत्तरच्या दशकांत भोगली. कारट्रॅक नावाची पद्धत होती. वाघिणीच्या (मालडब्याच्या) बाजूला रंगीत, प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्यांची पाटी आणि रुळाशेजारी ती वाचणारा स्कॅनर. १९६७ साली तिथल्या रेल्वे संघटनेने ती सगळ्या वाघिणींसाठी स्वीकारली. पाट्या मळल्या, झिजल्या, वाचन घटत गेलं आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती सोडून दिली. हलत्या वाहनावरच्या मळक्या पाटीवर त्या काळात बराच विचार झालेला आहे.

तेव्हा धंद्याचं नाव वेगळं असणं पुरत नाही. विचारायचं ते हे: साखर कारखान्यासाठी यंत्र करणाऱ्या जाणकाराने उत्तर शोधायला रेल्वेकडे बघितलं असतं का? अडचण ‘हलत्या गाडीवरची मळकी खूण दुरून वाचणं’ अशी असेल, तर बघितलं असतं, असं मला वाटतं. पण तुमची अडचण खास उसाची असेल, म्हणजे ट्रॉलीबाहेर लोंबणारी वाढी (उसाचे शेंडे) कोडच्या एकाच कडेला पुन्हा पुन्हा झाकतात आणि तुम्ही त्यासाठी कोड दोन ठिकाणी विभागून लावलात, तर रेल्वेचा कागद लांबचा ठरू शकतो. मात्र तिथे दुसरा धोका: क्यूआरमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय मुळातच आहे, सर्वात वरच्या पातळीला साधारण ३० टक्के भाग गेला तरी वाचता येतो. १९९४ पासून जगाला माहीत असलेली ती गोष्ट. ‘मळला तरी वाचतो’ एवढ्यावर पेटंट मागाल तर क्यूआर काढणाऱ्या डेन्सो या जपानी कंपनीचा तो जुना कोडच तुमच्यासमोर उभा राहील.

सगळे भाग जुनेच असतील तर पेटंट मिळूच शकत नाही का?

मिळतं. बारकोडच बघा. नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. वुडलंड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत मोर्सचे ठिपके आणि रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या: ठिपक्याची बारीक रेघ झाली, रेघेची जाड. वाचायला त्यांनी सिनेमाच्या फिल्मवरचा आवाजाचा पट्टा प्रकाशाने वाचतात ती तऱ्हा घेतली. मोर्स एकोणिसाव्या शतकातला, बोलपट १९२० च्या दशकातले. दोन्ही जुने. पण किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या गर्दीने वैतागलेल्या माणसाला तारयंत्र आणि सिनेमा यांच्याकडे एकाच वेळी कोण नेणार?

दुकानात प्रत्यक्ष वापर व्हायला मात्र २६ जून १९७४ उजाडला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. तोवर पेटंट संपलेलं होतं. शोध आणि कमाई यांची पत्रिका नेहमी जुळत नाही.

परीक्षक तर आमचा अर्ज वाचल्यावर म्हणणारच की सोपं आहे. याला काय उत्तर?

‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ हे कोडं लहानपणी घातलं होतं ना कुणीतरी? उत्तर येत नव्हतं तोवर घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं घेऊन झाली. मक्याचं कणीस म्हटल्यावर हसू आलं: एवढंच होय! त्यानंतर ते कोडं कधीच अवघड वाटलं नाही. पेटंटमध्ये हाच घोटाळा होतो. परीक्षक तुमचा अर्ज आधी वाचतो, मग जुने कागद शोधायला बसतो. उत्तर माहीत असताना शोधलं की प्रत्येक तुकडा कुठेतरी सापडतोच.

यावर ओरड करून उपयोग नाही. परीक्षकाने जोडलेले कागद एकेक करून उघडा आणि विचारा: हा कागद कुठल्या अडचणीसाठी लिहिला होता? तुमची अडचण त्यात ओळखली तरी आहे का? ‘जोडा’ असं सांगणारं वाक्य कुठल्या पानावर आहे? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात म्हटलं आहे की नुसतं ‘उघड आहे’ लिहून अर्ज फेटाळता येत नाही. जुन्यात काय होतं, अर्जात काय आहे आणि जाणकाराला ते कसं उघड वाटलं असतं, या तिन्हींची चर्चा आदेशात असली पाहिजे. मी या कामात नवा असताना पेटंट ऑफिसला दिलेल्या पहिल्या दोन-तीन उत्तरांत यातलं काही मागितलंच नाही, ‘आमचा शोध फार उपयुक्त आहे’ असे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. एक अर्ज त्यात गेला. आजही तो क्लायंट भेटला की मी रस्ता बदलतो.

साधी युक्ती म्हणजे उघड युक्ती का?

नाही. सेफ्टी पिनही साधीच आहे.

आमच्या यंत्राचा व्हिडिओ आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आहे, आणि प्रदर्शनातही मांडलं होतं. आता?

आता जरा खाली बसा. आधीचं ज्ञान मोजायचं ते तुमच्या अर्जाच्या तारखेला, आणि त्या तारखेआधी तुम्ही स्वतः जाहीर केलेलंही तुमच्याविरुद्ध धरलं जातं. कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात ज्याला तशी मान्यता दिली, त्याच प्रदर्शनाला. आपल्याकडचं औद्योगिक प्रदर्शन, कॉलेजचा टेक्-फेस्ट, मंडळाचा सत्कार यांत ते बसत नाही. चौघांच्या खासगी ग्रुपवर गेलेला व्हिडिओ आणि यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलेला व्हिडिओ यांत फरक पडू शकतो. नेमकं काय दिसतं, कुणाला दिसलं आणि कधी, ते बघावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग हार-तुरे. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. सत्काराच्या शालीपेक्षा फार जास्त नाही.

आम्ही जुनी मराठी कागदपत्रं वाचणारं सॉफ्टवेअर केलं आहे. त्याला पेटंट?

अवघड. एक तर कलम ३(के): नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. दुसरं, ही वाट बरीच मळलेली आहे. देवनागरी यंत्राने वाचण्यावर आर. एम. के. सिन्हा आणि एच. एन. महाबला यांचा शोधनिबंध १९७९ साली आला. त्यानंतर ओळीतली सर्वात काळी आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा, ती काढली की अक्षरं सुटी होतात, ही तर पुस्तकी पद्धत झाली. अर्जात हीच पद्धत मोठ्या शब्दांत लिहिलेली मी पाहिली आहे.

मोडीचं वेगळं आहे. मोडीत शिरोरेषा आधी ओढून त्याखाली अक्षरं न तोडता लिहीत जातात, तिथे रेघ काढून अक्षरं सुटी होत नाहीत. म्हणजे देवनागरीची पद्धत मोडीला लावणं ‘उघड’ आहे, असं म्हणणाऱ्याला ती कशी चालेल हेही सांगावं लागेल. पण तरीही ३(के) मधून सुटायला काहीतरी तांत्रिक परिणाम हवा: जाड, पिवळ्या, शाई फुटलेल्या कागदासाठी प्रकाशाची खास मांडणी, वगैरे.

जुने कागद घरबसल्या शोधता येतात का?

येतात आणि शोधाच. भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, युरोपचं एस्पेसनेट, डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स, चारही फुकट. नुसत्या शब्दांनी शोधू नका. कुणी ‘लेबल’ लिहितो, कुणी ‘रेकॉर्ड कॅरियर’. वर्गीकरणाचा आकडा टाका: प्रकाशाने कोड वाचण्यासाठी जी०६के ७/१० आणि ७/१४, अक्षर ओळखण्यासाठी जी०६व्ही ३०. मग मागे मागे जात राहा. इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनी मायक्रोफिल्मवरच्या खुणा फोटोसेलने शोधणाऱ्या यंत्राचं अमेरिकी पेटंट १९३१ साली मिळवलं होतं. गुस्ताव टाउशेक यांनी अक्षर वाचणाऱ्या यंत्राचं जर्मन पेटंट १९२९ च्या सुमारास मागितलं होतं. अंधांसाठी छापील अक्षराचं आवाजात रूपांतर करणारा ऑप्टोफोन तर १९१३ चा. हे लोक आपल्या आधी येऊन बसलेले आहेत, जागा बघून बसावं.

बेळगावातून अर्ज कुठे? मुंबई जवळ, भाषाही आपली.

कर्नाटकातला अर्जदार चेन्नई ऑफिसकडे जातो, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. म्हणजे निपाणीचा माणूस चेन्नईला आणि सीमा ओलांडून कागलला गेला की मुंबईला. कायदा एकच, कसोटी एकच. सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न फारसा उरलेला नाही. अपील मात्र चेन्नईच्या निर्णयावर मद्रास उच्च न्यायालयात जातं. आणि भाषेचं म्हणाल, तर अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी नाही, कन्नडही नाही. या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखी वागणूक आहे.

दुसऱ्या कुणी आमच्या यंत्रावर पेटंट दाखवून नोटीस पाठवली तर?

तर हीच कसोटी तुमच्या बाजूने उलटवता येते. पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात कलम २५(२) खाली विरोध करता येतो. त्यानंतर कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी. आणि उल्लंघनाचा दावा लागलाच तर बचाव म्हणूनही उघडपणा मांडता येतो. पेटंट मिळालं म्हणजे ते पक्कं झालं, असं आपला कायदा मानत नाही.

अमेरिकेत जेरोम लेमेलसन यांच्या पेटंट्सवरून बारकोड आणि मशीन व्हिजनवाल्यांना वर्षानुवर्षं पैसे भरावे लागले. मूळ अर्ज १९५४ आणि १९५६ चे, पण त्यातून नवनवे क्लेम अनेक दशकं निघत राहिले. शेवटी स्कॅनर कंपन्या कोर्टात गेल्या, २००४ साली नेवाडातल्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि २००५ साली अपिलात तो टिकला. तो निकाल मुख्यतः विनाकारण लांबवलेल्या अर्जप्रक्रियेवर गेला, उघडपणावर नव्हे. हे सांगतो, कारण नोटीस आली की लोक एकच हत्यार घेऊन धावतात. हत्यारं बरीच असतात.

आमचं यंत्र हातोहात खपलं. हा पुरावा धरतात का?

जोडपुरावा म्हणून. लोक वर्षानुवर्षं त्या अडचणीवर डोकं आपटत होते आणि कुणाला जमलं नाही, हे दाखवता आलं तर वजन पडतं. नुसता खप किमतीमुळेही असतो आणि मालकाच्या ओळखीमुळेही.

भेटायला येताना काय आणू?

तारखेसकट फोटो. वहीतली पानं, फाटकी असली तरी. आणि मुख्य म्हणजे जे जमलं नाही ते: कुठला दिवा लावून पाहिला, कुठला कॅमेरा जळला, कुठल्या कोनात अक्षर दिसलंच नाही. नेहमीच्या वाटा चालून पाहिल्या आणि त्या बंद निघाल्या, हे दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही, आणि लोक नेमका तोच रद्दीत घालतात. यंत्र आणू नका. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि मागच्या वेळी आलेला काट्याचा सांगाडा अजून जिन्यातच आहे.